मोरोक्कोला जाताय? आधी कमिशनचा हिशेब समजून घ्या

मोरोक्कोहून परतलेल्या लोकांकडून दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक जण शेफशाऊएनच्या निळ्या भिंती आणि सहाराची वाळू दाखवता दाखवता थकत नाही. दुसरा वैतागून सांगतो, "लोक फार मागे लागतात हो, पावलापावलावर पैसे काढतात." गंमत म्हणजे दोघं बऱ्याचदा एकाच सहलीबद्दल बोलत असतात, आणि दोघांचंही खरं असतं.

याचं कारण लोकांच्या स्वभावात शोधू नका. ते तिथल्या पर्यटनाच्या धंद्यात आहे. तुम्ही खर्च केलेला पैसा तिथे क्वचितच एका हातातून थेट दुसऱ्या हातात जातो. मध्ये माणसं उभी असतात: रस्ता दाखवणारा, दुकानात नेणारा, जेवायला थांबवणारा, फोटोसाठी माकड खांद्यावर ठेवणारा. कोण कशासाठी मध्ये उभा आहे आणि त्याला त्यातून काय मिळतं, एवढं एकदा कळलं की निम्मा त्रास आपोआप कमी होतो. आणि तुमचा पैसा राबणाऱ्या माणसाच्या हातात पडायची शक्यताही वाढते. सुरक्षित प्रवास आणि जबाबदार प्रवास हे दोन वेगवेगळे धडे म्हणून शिकवले जातात. मोरोक्कोत ते बरेचसे एकच आहेत, असं माझं मत आहे.

मधला माणूस येतो कुठून

मोरोक्कोची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास. २०२४ मध्ये तिथे सुमारे १ कोटी ७४ लाख पाहुणे आले. त्यातले निम्म्याच्या आसपास युरोपात वगैरे स्थायिक झालेले मोरोक्कनच होते, सुट्टीला घरी आलेले. उरलेले तुमच्याआमच्यासारखे. एवढी गर्दी येते, पण १५ ते २४ वयाच्या, काम शोधणाऱ्या तरुणांपैकी एक तृतीयांशाहून जास्त बेकार आहेत. फेस किंवा माराकेशच्या जुन्या शहरात वाढलेल्या पोराला फ्रेंच येतं, स्पॅनिश येतं, इंग्रजी येतं, शिवाय "शाहरुख खान! अमिताभ!" एवढं हिंदीही येतं. (हिंदी सिनेमाचं तिथलं वेड खरं आहे, ती हाक दर वेळी धंद्याचीच असते असं नाही.) त्याच्याकडे नसतो तो फक्त गाइडचा परवाना.

परवानाधारक गाइडकडे सरकारी ओळखपत्र असतं. बिनपरवाना गाइडगिरी हा गुन्हा आहे आणि मोठ्या पर्यटन शहरांत पर्यटन पोलीस साध्या कपड्यांत फिरत असतात. म्हणून हा पोरगा तुमच्या बरोबरीने चालत नाही. तो दहा पावलं पुढे चालतो, मागे वळून बघतो, कोपऱ्यावर थांबतो, पोलीस दिसला की तुम्हाला ओळखतच नाही. असं कोणी पुढे चालताना दिसलं की समजून जा.

त्याची वाक्यंही ठरलेली असतात. "पुढे रस्ता बंद आहे, फक्त मशीद आहे." "चौक इकडे आहे, तिकडे नाही." "आज डोंगरातल्या बर्बर लोकांचा (तिथल्या मूळ रहिवाशांचा) बाजार भरलाय, आजचा शेवटचा दिवस." "मी तुमच्याच हॉटेलात काम करतो, ओळखलं नाही का?" रस्ता सहसा बंद नसतो. तो बाजार रोज भरतो आणि रोज त्याचा शेवटचा दिवस असतो.

यावर उपाय म्हणजे भांडण नव्हे. "ला, शुक्रान" (नको, धन्यवाद) म्हणा, चेहऱ्यावर हसू ठेवा, पाय थांबवू नका. थांबून कारणं देत बसलात की बोलणी सुरू झाली असं धरलं जातं. रस्ता खरंच चुकला असेल तर दुकानात बसलेल्या माणसाला किंवा भाजी घेणाऱ्या बाईला विचारा. दुकान सोडून तुमच्यामागे येणं त्याला परवडत नाही, म्हणून तो खरं सांगतो. आणि एखाद्या पोराने खरोखरच मुक्कामापर्यंत पोहोचवलं, तर दहावीस दिरहम (तिथलं चलन) द्या आणि विषय संपवा. ती त्याच्या वेळेची किंमत आहे. लहान मुलांना मात्र पैसे, पेन, चॉकलेट काही देऊ नका. शाळेच्या वेळेत पर्यटकांच्या मागे फिरणं फायद्याचं ठरलं की मुलं शाळा सोडून देतात.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते पहिल्या रात्री. उशिराचं विमान, हातात बॅगा, जुन्या शहरातले गाडी न जाणारे बोळ, मोबाइलचा नकाशा गोंधळलेला. गरजवंताला अक्कल नसते, तशी स्थिती. मेदिनातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या रियादमध्ये उतरणार असाल (मधोमध चौक असलेलं जुनं घर, आता हॉटेल केलेलं) तर त्यांना आधीच कळवा आणि त्यांचा माणूस तटाच्या ठरलेल्या दरवाजापाशी बोलावून घ्या. या एका गोष्टीवर खर्च केलेल्या पैशाइतका वसूल होणारा पैसा साऱ्या सहलीत दुसरा नाही.

गालिच्याच्या दुकानातला चहा

आता खरा हिशेब. तुम्ही गाइडबरोबर गालिच्याच्या दुकानात शिरता. दुकानदार प्रेमाने बसवतो. पुदिन्याचा चहा येतो, उंचावरून ग्लासात धार धरून ओतलेला, वर फेस आलेला. एकामागून एक गालिचे उलगडले जातात. हा कोणत्या डोंगरातला, हा कोणत्या टोळीचा, हा विणायला किती महिने लागले. कोणी काही घ्या म्हणत नाही. पंधरा-वीस गालिचे पायाशी पसरले गेल्यावर तुम्हालाच अवघडल्यासारखं होतं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

समजा, भाव करून तुम्ही ४००० दिरहमला गालिचा घेतला. गाइडने तुम्हाला आणलंय, तर त्याचा वाटा त्यात असतो. पंचवीस-तीस टक्के ही नेहमीची गोष्ट, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे हजार-बाराशे दिरहम तिथेच गेले. उरलेल्यात दुकानाचं भाडं, नोकर, मालकाचा नफा, डोंगरातून माल उचलून आणणारा व्यापारी. ज्या बाईने घरी मागावर बसून तो विणला तिच्यापर्यंत काय पोहोचत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. तुम्ही जास्त पैसे दिलेत म्हणून तिला जास्त मिळतात असं इथे होत नाही. मधली माणसं कमी झाली तरच होतं.

म्हणून गाइड परवानाधारक घ्या आणि पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट सांगा: आम्हाला दुकानं नकोत, तुमची फी आम्ही पूर्ण देऊ. अर्ध्या दिवसाला साधारण ३०० ते ५०० दिरहम होतात. शंभर दिरहममध्ये फिरवतो म्हणणारा गाइड उरलेले पैसे तुमच्या खरेदीतून काढणार, हे गृहीत धरा. त्याला मी लबाड म्हणणार नाही. त्याचं पोट कशावर चालतं हे आपण विचारलेलंच नसतं.

खरेदी एकट्याने जाऊन करा. मोठ्या शहरांत 'आँसाम्ब्ल आर्तिझानाल' नावाची सरकारी हस्तकला केंद्रं आहेत. तिथे कारागीर समोर काम करत असतात आणि किमती लावलेल्या असतात. बाजारापेक्षा थोडं महाग वाटेल, पण आधी तिथे चक्कर मारलीत तर चामड्याची पिशवी किंवा पितळेचा दिवा साधारण कितीला असावा याचा अंदाज येतो. मग बाजारात घासाघीस करायला जोर येतो. घासाघिशीचा एक अलिखित नियम पाळा: तुम्ही बोललेली किंमत समोरच्याने मान्य केली की वस्तू घ्यायची. घ्यायचीच नसेल तर आकडा तोंडातून काढू नका. किराणा, औषधं, ब्रेड, बसचं तिकीट यांचे भाव ठरलेले असतात, तिथे घासाघीस करू नका. आणि दहा दिरहमसाठी अर्धा तास झगडण्यात काही शौर्य नाही. दहा दिरहम म्हणजे साधारण एक डॉलर.

फेसची चामडं कमावण्याची जागा, शुआरा, हे या साऱ्याचं लहानसं चित्र आहे. शेकडो दगडी हौद, काहींत चुना आणि कबुतराची विष्ठा, काहींत रंग, आणि कमरेपर्यंत त्यात उतरलेली माणसं. ती बघायची तर भोवतालच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरूनच. दारात पुदिन्याची काडी हातात देतात, वासासाठी. "फुकट आहे, या" म्हणतात, आणि खाली उतरायची वाट दुकानाच्या चारही मजल्यांतून काढलेली असते. काही घ्यायचं नसेल तर वर नेणाऱ्याच्या हातावर दहा-वीस दिरहम ठेवून सरळ बाहेर पडा. तिथे हौदात उभ्या माणसांचे जवळून फोटो घेताना, त्यांनी दिवसभर काय सोसलंय ते ध्यानात असू द्या आणि आधी विचारा.

शुआराच्या आसपासच्या बोळांत गाढवं आणि खेचरं गॅसच्या सिलिंडरपासून ओल्या चामड्यापर्यंत सगळं वाहतात, कारण इथे गाडी शिरूच शकत नाही. पाठीमागून "बालाक! बालाक!" (बाजूला व्हा) ऐकू आलं की वळून बघत बसू नका, आधी भिंतीला चिकटा. फेसमध्ये १९२७ पासून 'अमेरिकन फोंदूक' नावाचा या जनावरांसाठीचा धर्मादाय दवाखाना चालतो. देणगी द्यायचीच असेल तर ती तिथे सार्थकी लागते.

माकड, साप आणि झाडावरच्या शेळ्या

माराकेशच्या जेमा अल-फना चौकाला युनेस्कोने मान दिला तो तिथल्या कथेकऱ्यांसाठी, वादकांसाठी, तोंडी परंपरेसाठी. २००१ मध्ये ती घोषणा झाली. आज दुपारी तिथे पहिल्यांदा भेटतात ते सापवाले आणि साखळीला बांधलेली माकडं. ही बार्बरी माकडं धोक्यात आलेली जात आहे, पिल्लं जंगलातून चोरून आणलेली असतात. फोटो काढला की शंभर-दोनशे दिरहम मागतात, पण खरी किंमत माकड मोजतं. तीच माकडं मोकळी बघायची तर मध्य ॲटलसमधल्या अझरूच्या देवदार जंगलात जा. तिथेही खाऊ घालू नका. मेंदी काढणाऱ्या बायकांपैकी काही जणी न विचारता हात धरून सुरुवात करतात. हात खिशात ठेवणं हा सोपा उपाय. काळी मेंदी तर नकोच, तिच्यातल्या रसायनाने कातडीवर फोड येतात. चौकाची खरी मजा अंधार पडल्यावर आहे: गोल करून उभी माणसं आणि मध्ये गाणारा, सांगणारा, वाजवणारा. त्या गोलात उभे राहिलात तर टोपी फिरेल तेव्हा काहीतरी टाका.

एसाउइराकडे जाताना अर्गनच्या झाडावर चढलेल्या शेळ्या दिसतात. शेळ्या अर्गनची फळं खायला झाडावर चढतात हे खरं आहे. पण रस्त्याच्या कडेला, पार्किंगला लागून, एकाच झाडावर दिवसभर उभ्या असलेल्या शेळ्या कोणीतरी चढवलेल्या असतात. थांबलात, पैसे दिलेत, की उद्या पुन्हा त्या उन्हात उभ्या केल्या जातात.

त्याच रस्त्यावर 'महिला सहकारी संस्था' अशा पाट्या ओळीने लागतात. खऱ्या संस्था आहेत आणि त्यांनी खेड्यातल्या बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आणला, ही लहान गोष्ट नाही. पण काही ठिकाणी दारात दोनचार बायका जात्यावर बसवलेल्या असतात, आणि मागचं दुकान एखाद्या व्यापाऱ्याचं असतं. टूरची बस जिथे ठरवून थांबते तिथे कमिशन आहे असं समजून चाला. आणखी एक खूण म्हणजे किंमत. एक लिटर अर्गन तेलाला तीस किलोच्या वर फळं लागतात आणि कवच हाताने दगडावर फोडावं लागतं. ते तेल स्वस्त असूच शकत नाही. रस्त्यावर पाण्याच्या बाटलीतून विकतात ते बहुधा दुसरंच काही असतं.

वाळवंटाचं अंतर

आपल्याकडून जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी निराशा इथे होते, आणि तिचं कारण नकाशा. माराकेशहून मेरझुगाच्या वाळूच्या मोठ्या टेकड्यांपर्यंत साधारण ५६० किलोमीटर आहेत, आणि मध्ये २२६० मीटर उंचीची तिझी-न-तिश्का खिंड. गाडीने नऊ-दहा तास, थांबे धरून जास्त. म्हणजे स्वस्तातल्या 'तीन दिवस सहारा' टूरमध्ये तुम्ही बहुतेक वेळ व्हॅनच्या खिडकीत असता, आणि वाळूत एक संध्याकाळ, एक सकाळ. दोन दिवसांची टूर तर सहसा झागोराला नेते, तिथे मोठ्या टेकड्या नाहीत. माराकेशपासून तासाभरावरच्या अगाफेला 'वाळवंट' म्हणून विकतात. ते दगडगोट्यांचं माळरान आहे. छान आहे, पण सहारा नव्हे.

या टूर इतक्या स्वस्त कशा? पुन्हा तोच हिशेब. जेवणाचे थांबे ठरलेले, तिथले दर चढे, त्यात ड्रायव्हरचा वाटा. वाटेत गालिच्याचं 'सहज' दर्शन. मेरझुगातल्या तंबूवाल्याला माणशी फारच थोडं मिळतं.

त्यापेक्षा असं करा: फेसहून आत शिरा आणि माराकेशला बाहेर पडा, म्हणजे आल्या रस्त्याने परतायला नको. मेरझुगा किंवा शेजारच्या हस्सिलबिएद गावातल्या घरगुती मुक्कामाशी थेट बोला. उंट, तंबू, जेवण तेच लावून देतात. तिथपर्यंत बसने जाता येतं, प्रवास मोठा आहे पण बस चांगली असते. वाळूत क्वाड बाइक पळवण्याचा मोह आवरलात तर गावकरी आणि शेजारचा तंबू दोघंही दुवा देतील. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान शून्याजवळ जातं, आपल्याकडचा साधा स्वेटर पुरत नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे जाऊच नका. समुद्रकाठच्या अगादिरमध्येसुद्धा ऑगस्ट २०२३ मध्ये पारा ५०च्या वर गेला होता. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बरे महिने.

मेरझुगाच्या वाटेवर तफिलाल्त भागात जमिनीत ओळीने मातीचे उंचवटे दिसतात, मोठ्या वारुळांसारखे. थांबायला सांगा. ती खेत्तारांची तोंडं आहेत. डोंगरपायथ्याचं भूजल जमिनीखालच्या उतरत्या बोगद्यातून, पंपाशिवाय, गावापर्यंत आणायची ही जुनी रीत. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी पाहिली असेल तर हे लगेच ओळखीचं वाटेल. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी शहरासाठी पाणी आणलं ते याच घराण्यातल्या तंत्राने. (मलिक अंबर स्वतः आफ्रिकेतलाच, पण इथिओपियाचा.) खोल विहिरी आणि पंप आले, पाण्याची पातळी खाली गेली आणि बऱ्याच खेत्तारा कोरड्या पडल्या.

पाण्याचा विषय मोरोक्कोत आज फार दुखरा आहे. २०१८ नंतर सलग काही वर्षं दुष्काळ पडला. २०२४ च्या सुरुवातीला अनेक शहरांत सार्वजनिक हम्माम (वाफेची स्नानगृहं) आठवड्यातले तीन दिवस बंद ठेवायला लावले. जनावरं इतकी घटली की २०२५ मध्ये बकरी ईदला कुर्बानी देऊ नका, असं आवाहन खुद्द राजे मोहम्मद सहावे यांनी केलं. अशा देशात माळरानावर पोहण्याच्या तलावासकट 'लक्झरी कॅम्प' घ्यायचा की नाही, हे मराठवाडा पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

ॲटलस पर्वताबद्दल थोडं. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अल-हौझ भागात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला, २९०० हून जास्त माणसं गेली. मातीदगडाची गावंच्या गावं बसली, बाराव्या शतकातल्या तिनमेलच्या मशिदीचाही मोठा भाग कोसळला. तिथे जाणं बरोबर आहे का, असं लोक विचारतात. इम्लिलसारख्या गावांचं पोट पाहुण्यांवर आहे, जरूर जा. गावातल्या घरात राहा, तिथलाच गाइड आणि खेचरवाला घ्या. पडलेल्या घरांसमोर उभं राहून फोटो काढू नका, एवढं कळत असलं की झालं. ४१६७ मीटरच्या तुबकाल शिखरावर एकट्याने जाता येत नाही: २०१८ मध्ये इम्लिलजवळ दोन परदेशी तरुणींची हत्या झाली, तेव्हापासून गाइड सक्तीचा आहे आणि वाटेत चौक्यांवर पासपोर्ट तपासतात.

शाकाहारी माणसाने काय खावं

मोरोक्कोत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण फसतो. भाज्यांचं ताजीन (मातीच्या झाकणाच्या भांड्यात मंद शिजवलेलं कालवण) मागवलं तर त्यात भाज्याच असतात, रस्सा मात्र कधी मटणाचा असतो. "शाकाहारी" हा शब्द खेड्यात पोहोचत नाही. "बला ल्हम, बला द्जाज, बला हूत" असं तिन्ही म्हणा: मटण नको, कोंबडी नको, मासा नको. हरीरा सूप डाळ-चण्याचं दिसतं, पण बहुतेक वेळा त्यात मांसाचे तुकडे असतात. आणि पास्तिया! वर पिठीसाखर आणि दालचिनी भुरभुरलेली, बघताक्षणी मिठाई वाटते. आत कोंबडी किंवा कबूतर असतं.

बिनधास्त खायचं ते बिसारा, वाळलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं घट्ट सूप, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. फेसच्या बाजारात सकाळी टपरीवर वाटीभर मिळतं आणि पोट भरतं. झालूक म्हणजे वांग्याचं भरीतच, फक्त टोमॅटो जास्त. म्समेन हा पापुद्र्यांचा पराठा मधाबरोबर. मसूर आणि पांढऱ्या घेवड्याची उसळ जवळजवळ सगळीकडे. कुसकुस शुक्रवारी खावा, घराघरात त्या दिवशी तोच असतो. जैन मंडळींनी मात्र चार दिवसांचं सामान बरोबर ठेवावं, कांद्याशिवाय मोरोक्कन स्वयंपाक पुढे सरकत नाही. पाणी बाटलीचं प्या. फिल्टरची बाटली नेलीत तर उत्तम, कारण प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१६ मध्ये बंदी आली, पण बाटल्यांचा ढीग तसाच आहे.

रमझानमध्ये गेलात तर दिवस उलटा चालतो. महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तारखा पाहूनच तिकीट काढा. दिवसा बऱ्याच खानावळी बंद, सूर्यास्ताच्या आधी तासभर टॅक्सी मिळत नाही, सगळे घरी पळत असतात. रस्त्यात खाणं-पिणं टाळा. तुम्हाला कोणी बोलणार नाही, पण उपाशी माणसासमोर सँडविच खाणं बरं दिसत नाही. त्याच महिन्यात देशाचं घड्याळ एक तास मागे जातं. एरवी मोरोक्को आपल्या साडेचार तास मागे असतो, तेव्हा साडेपाच.

उरलेल्या कामाच्या गोष्टी

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी घ्यावा लागतो आणि ई-व्हिसाची सोय सरकारी संकेतस्थळावर आहे. तशीच दिसणारी एजंटांची पानंही आहेत, दुप्पट पैसे घेणारी. नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाआधी सरकारी पान उघडून बघा. 'आफ्रिका' म्हटलं की यलो फीव्हरची लस घ्यायला लावणारे लोक भेटतात. मोरोक्को त्या रोगाच्या देशांत नाही. वाटेत केनिया, इथिओपियासारख्या देशात मुक्काम असेल तर गोष्ट वेगळी. रेबीज मात्र आहे. कुत्रा किंवा मांजर चावलं तर जखम धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. मांजरं तिथे सगळीकडे आहेत आणि फार गोड आहेत, तरीही.

शहरातली 'पेती टॅक्सी' लहान असते आणि तीनच माणसं घेते. चौघांच्या कुटुंबाला दोन कराव्या लागतात. बसताच "कोंतूर" म्हणा, म्हणजे मीटर. माराकेशच्या मोठ्या चौकापाशी उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याशी वाद घालण्यापेक्षा दोन गल्ल्या पुढे जाऊन चालती टॅक्सी थांबवा. रात्री दीडपट भाडं लागतं, ते नियमाने आहे. वाटेत दुसरा प्रवासी घेतला तर घाबरू नका, ती रीत आहे. शहराशहरांत रेल्वे उत्तम: तांजियेहून कासाब्लांकाला 'अल बोराक' सव्वादोन तासांच्या आत पोहोचवते, वाटेतल्या काही टप्प्यात ताशी ३२० किलोमीटर वेगाने. शेफशाऊएन, एसाउइरा आणि वाळवंटाकडे रेल्वे नाही, बसच.

मशिदीत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही. मोठा अपवाद कासाब्लांकाची दुसऱ्या हसन राजांची मशीद, १९९३ मध्ये पूर्ण झालेली, समुद्राला टेकलेली. तिथे ठरलेल्या वेळी गाइडबरोबर आत जाता येतं. इतरत्र दारातून डोकावलं तर चालतं, नमाज पढणाऱ्यांवर कॅमेरा रोखू नका.

एकट्या बाईने जावं का? जातात, आणि बऱ्याच जणी पुन्हा जातात. पण टोमणे, पाठलाग, नको तेवढ्या गप्पा यांची तयारी ठेवावी लागते. २०१८ पासून सार्वजनिक जागी छेडछाड हा कायद्याने गुन्हा आहे; आवाज चढवून लोकांचं लक्ष वेधलंत तर आजूबाजूची वडीलधारी माणसं बहुधा मध्ये पडतात. खांदे-गुडघे झाकणारे सैल कपडे पुरेत, डोकं झाकायची गरज नाही. आपला पंजाबी ड्रेस तिथे अगदी चालून जातो.

काही गोष्टींत मोरोक्कोचा कायदा कडक आहे, तिथे "मला माहीत नव्हतं" चालत नाही. ड्रोन नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात. पोलीस, लष्कर, सरकारी इमारती यांचे फोटो नकोत. रिफच्या डोंगरात, शेफशाऊएनमध्येही, हशीश विकायला लोक जवळ येतात. ते बाळगणं गुन्हा आहे. समलिंगी संबंध गुन्हा आहेत आणि लग्नाबाहेरचेही, म्हणून रस्त्यात जवळीक दाखवू नका. राजा, इस्लाम आणि पश्चिम सहारा (दक्षिणेकडचा, मालकीवरून वाद असलेला प्रदेश) या तीन विषयांवर चहाच्या टेबलावर मतं मांडू नका. पश्चिम सहाराच्या लष्करी बांधाच्या आसपास भूसुरुंग आहेत, तिकडे रस्ता सोडून जाऊ नका. अडचण आलीच तर शहरात पोलिसांचा क्रमांक १९, शहराबाहेर जाँदार्मरीचा (ग्रामीण भागातल्या पोलीस दलाचा) १७७, अग्निशामक आणि रुग्णवाहिकेसाठी १५. भारतीय दूतावास राजधानी राबातला आहे.

दिरहम भारतात मिळवायच्या भानगडीत पडू नका. ते चलन देशाबाहेर नेण्या-आणण्यावर २००० दिरहमची मर्यादा आहे. डॉलर किंवा युरो न्या, विमानतळावर थोडे बदला, बाकी शहरात. सुट्ट्या नाण्यांची मोठी थैली होऊ द्या: गाडी राखणारा, बॅग उचलणारा, स्वच्छतागृहाच्या दारातली बाई, सगळ्यांना दोन-पाच दिरहम लागतात आणि शंभराची नोट मोडून द्यायला कोणाकडेच सुट्टे नसतात. पैसे बदलल्याच्या पावत्या जपून ठेवा. परतताना उरलेले दिरहम विमानतळावर पुन्हा डॉलरमध्ये करून घ्यायचे तर त्या दाखवाव्या लागू शकतात, आणि ती खिडकी सुरक्षा तपासणीच्या अलीकडे गाठलेली बरी.